विद्यापीठातल्या सिस्टिम्स जोडायच्या कशा – एकच मोठं सॉफ्टवेअर की सर्व्हिसेस?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी एका राज्य विद्यापीठाच्या संगणक विभागात आहे, नाव मुद्दाम देत नाही. आमच्याकडे एक मोठा निर्णय व्हायचाय आणि इथे ज्यांनी असं काम केलंय त्यांच्याशी नीट बोलायचंय म्हणून धागा काढतोय.

परिस्थिती अशी. प्रवेश आणि पात्रता एका एजन्सीच्या पोर्टलवर आहे. परीक्षा विभागाचं सॉफ्टवेअर स्वतःचं, मूळ व्हिज्युअल बेसिकमधलं, मागे एसक्यूएल सर्व्हर. फी तिसरीकडे, बँकेच्या गेटवेसकट. लायब्ररी कोहावर, ऑनलाइन कोर्स मूडलवर, वसतिगृह एक्सेलमध्ये. पदवी प्रमाणपत्र विभाग अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या फायली उघडतो कारण जुन्या पदव्यांची पडताळणी तिथूनच होते. आणि या सगळ्यांमध्ये माहिती फिरते ती एक्सेल शीटनी. पात्रता विभाग परीक्षेला शीट देतो, परीक्षा विभाग त्यात नावं दुरुस्त करतो, ती दुरुस्ती पात्रतेकडे परत जातच नाही, पुढच्या सत्राला पात्रतेची जुनीच शीट येते आणि गुणपत्रिकेवर तेच चुकीचं नाव पुन्हा छापलं जातं. मग ती मुलगी गावाकडून एसटीनं येते, अर्ज करते, फी भरते, दोन-तीन खिडक्या फिरते. तिची काहीच चूक नसते.

त्यात नवीन शैक्षणिक धोरण. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली) अशा बास्केट्स, म्हणजे विषयांचे गट, आल्या, म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलींची क्रेडिट्सची बेरीज वेगवेगळ्या विषयांतून होते. यूजीसीचे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम जुलै २०२१ मध्ये आले, त्यानुसार क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं, मूल एक संस्था सोडून दुसरीकडे जाऊ शकतं, स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सचं क्रेडिट धरलं जाऊ शकतं. मला ही कल्पना मनापासून पटते. पण यातली प्रत्येक गोष्ट किमान दोन सिस्टिम्समधून जाते आणि आमच्या सिस्टिम्स एकमेकींना ओळखतच नाहीत.

आता समितीत दोन मतं आहेत. एक म्हणजे सगळं काढून टाका आणि एकच ईआरपी घ्या, म्हणजे सगळे विभाग सांभाळणारं एकच सॉफ्टवेअर. दुसरं म्हणजे प्रत्येक विभागाचं चालू सॉफ्टवेअर राहू द्या आणि त्यातलं जे इतरांना लागतं तेवढं सर्व्हिस म्हणून उघडा, म्हणजे पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) द्या आणि पात्रतेची स्थिती घ्या, ऑर्डर नंबर द्या आणि फी भरली का ते घ्या. माझं मत ठामपणे दुसरं आहे. पण ते नीट मांडायला आणि तपासून बघायला तुमची मदत हवीय.

टेबल_नंबर_चार

मी परीक्षा विभागात काम करते, तुमच्या नाही, दुसऱ्या विद्यापीठात. तुम्ही नावाचं लिहिलंय ते आमचं रोजचं आहे म्हणून लिहितेय.

एक गोष्ट तुमच्या समितीतल्या सरांना जरूर सांगा, नाव चुकतं ते टायपिंगमुळे कमी आणि नियम ठरलेला नसल्यामुळे जास्त. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असा क्रम असतो. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळ्या ओळीत. क्रेडिट बँकेचा आयडी काढताना आधारवरचं नाव येतं आणि आमच्याकडच्या नावाशी जुळत नाही. गायकवाड इंग्रजीत लिहिताना मधे एक ‘ए’ जास्त पडला तरी जुळत नाही. ज्या मुलींचं लग्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला होतं त्यांचं तर विचारू नका, आधारवर सासरचं नाव, आमच्याकडे माहेरचं, शिष्यवृत्तीच्या अर्जात तिसरंच. मला तुमची सर्व्हिस वगैरे फार कळत नाही पण सर्व्हिस आली तरी ती कोणतं नाव देणार, हे कोण ठरवणार?

जुना_इंटिग्रेटर

कृष्णाकाठ, चांगला विषय काढलात. मी निवृत्त आहे, आधी बँक आणि विमा क्षेत्रात सिस्टिम्स जोडण्याचंच काम केलं, त्यामुळे एसओएचा, म्हणजे सर्व्हिसेसमधून सिस्टिम्स जोडण्याच्या पद्धतीचा, पूर्ण काळ जवळून बघितलाय.

थोडा इतिहास सांगतो कारण समितीत कोणीतरी हमखास म्हणेल की एसओए तर जुनं झालं. २००० च्या आसपास सोप आणि मग डब्ल्यूएसडीएल आलं, म्हणजे कुठलीही सिस्टिम कुठल्याही भाषेत लिहिलेली असो, एक्सएमएलमधून ठरलेल्या करारानुसार बोलेल. विचार उत्तम होता. मग त्यावर यूडीडीआय ही सर्व्हिसेसची डिरेक्टरी आली, सुरक्षेची, व्यवहारांची, पोहोच पावतीची अशी एकावर एक स्टँडर्ड्स आली, आणि मधे ईएसबी म्हणजे सर्व्हिस बस बसवायची पद्धत पडली. सगळे संदेश बसमधून. इथं गाडं अडलं. बसचं काम पोस्टमनचं, पण लोकांनी पोस्टमनला पत्र उघडून आतला मजकूर दुरुस्त करायला लावलं. व्यवसायाचे नियम बसमध्ये गेले, ‘या शाखेचा ग्राहक असेल तर ही फी लावू नको’ असलं सगळं, आणि काही वर्षांनी ते नियम कोणालाच सांगता येईनात. बस बदलायची म्हणजे सगळं बंद. लोक एसओएला कंटाळले ते या कारणानं. रेस्ट आणि जेसन या हलक्या पद्धती आल्यावर वजन कमी झालं पण मूळ तत्त्व तेच आहे, ज्याची माहिती त्याने ती सांगायची आणि सांगण्याची रीत लेखी ठरवायची.

म्हणून माझा आग्रह आहे की टेबल_नंबर_चार ताईंनी विचारलेला प्रश्न पहिला घ्या. कुठलं टूल, कुठली बस, कुठला गेटवे हे सगळं नंतर. प्रत्येक माहितीला एक मालक ठरवा, लेखी ठरवा, त्यावर कुलसचिवांची सही घ्या. हे झालं नाही तर तुम्ही चुकीची माहिती जास्त वेगानं फिरवाल, बाकी काही बदलणार नाही.

कृष्णाकाठ

ताई, सर, दोघांचेही आभार. मालकीचा एक कच्चा मसुदा माझ्या डोक्यात आहे तो लिहितो, चुकत असेल तर सांगा. विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग याचा मालक पात्रता विभाग. कोणते विषय घेतले याची नोंद कॉलेज करणार आणि ठरलेल्या तारखेला विद्यापीठ ती गोठवणार. गुण आणि निकाल परीक्षा विभाग. पैसे आले का, किती आले, परत केले का, हे वित्त व लेखा. पुस्तकं ग्रंथालय. पदवी दिली की नाही हे दीक्षांत विभाग. बाकी कोणी यातली माहिती स्वतःच्या टेबलात कायमची साठवायची नाही, लागेल तेव्हा विचारायची. परीक्षा विभागात नाव दुरुस्तीचा अर्ज आला तरी तिथे दुरुस्त करायचं नाही, तो अर्ज तिथूनच पात्रतेच्या रांगेत जाईल आणि दुरुस्ती एकाच जागी होईल. कोणतं नाव, तर बारावीच्या गुणपत्रिकेवरचं, आणि नंतर बदललं तर राजपत्राच्या आधाराने. आधारवरचं नाव वेगळ्या रकान्यात, फक्त जुळणीसाठी.

एक मोठी अडचण आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य ओळख बैठक क्रमांक आहे आणि तो दर परीक्षेला बदलतो. पीआरएन हा त्यात फक्त एक रकाना आहे, काही जुन्या बॅचेसना तो रिकामा आहे. शिवाय एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या काही मुलांना दोन-दोन पीआरएन मिळालेत.

जुना_इंटिग्रेटर

मग तुमची पहिली सर्व्हिस हीच. ओळख जुळवणी. बैठक क्रमांक आणि परीक्षेचं सत्र द्या, पीआरएन मिळेल. जुना पीआरएन द्या, चालू पीआरएन मिळेल. क्रेडिट बँकेचा १२ अंकी आयडी द्या, पीआरएन मिळेल. एवढंच करणारी छोटी सर्व्हिस, तिच्याकडे गुण नाहीत, फी नाही, काही नाही. दुहेरी पीआरएन पुसून टाकू नका, एक चालू ठेवा आणि दुसऱ्याकडून त्याच्याकडे बोट दाखवा, कारण जुन्या गुणपत्रिकेवर तो छापला गेलाय आणि २० वर्षांनी कोणीतरी ती घेऊन येईलच.

सह्याद्रीचा_वारा

मला वेगळं मत मांडायचंय. मी एका खाजगी अभिमत विद्यापीठात ईआरपी राबवणाऱ्या टीममध्ये होतो. सर्व्हिसेसचं हे सगळं ऐकायला छान आहे पण ते चालवायला माणसं लागतात. सहा सिस्टिम्स, सहा व्हेंडर, प्रत्येकाचा वार्षिक देखभाल करार, एकानं अपडेट केलं की दुसऱ्याचं मोडतं आणि मग दोघंही म्हणतात दोष समोरच्याचा. एकाच डेटाबेसवर सगळं असेल तर नाव एकदाच असतं, हा प्रश्नच येत नाही. शिक्षण मंत्रालयाचा समर्थ प्रकल्प आहे, दिल्ली विद्यापीठात तयार झालेला, प्रवेशापासून पगारापर्यंतची मॉड्यूल्स त्यात आहेत, अनेक सार्वजनिक विद्यापीठं वापरतायत. राज्य विद्यापीठानं आपली शक्ती प्रोग्रामिंगवर का घालवावी?

कृष्णाकाठ

सह्याद्री, तुमचा मुद्दा मला हलक्यात घ्यायचा नाहीये. माणसांचा प्रश्न खरा आहे, आमच्या विभागात मंजूर पदांपैकी बरीच रिकामी आहेत. आणि छोट्या, नव्यानं सुरू झालेल्या विद्यापीठानं तयार प्रणाली घ्यावी असंच मी म्हणेन.

पण दोन गोष्टी बघा. संलग्न कॉलेजं असलेल्या विद्यापीठाची सीमा विद्यापीठाच्या गेटपाशी संपत नाही. सीईटी सेलची प्रवेशप्रक्रिया बाहेर आहे, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल बाहेर आहे, डिजिलॉकर बाहेर, क्रेडिट बँक बाहेर, स्वयम बाहेर, बँक बाहेर, काही कॉलेजं स्वायत्त आहेत आणि त्यांचा परीक्षा विभागच त्यांचा. उद्या सर्वांत चांगली ईआरपी आणली तरी या सगळ्यांशी बोलावं लागणारच, म्हणजे सर्व्हिसेसचं काम टळत नाही. आणि दुसरं, ईआरपीत जायचं ठरवलं तरी ते एका रात्रीत होत नाही, मधल्या काळात जुनं आणि नवं दोन्ही चालतं. आज परीक्षा विभागाभोवती एक पातळ सर्व्हिस घातली आणि सगळे त्या सर्व्हिसला विचारायला लागले, की पुढे आतलं व्हिज्युअल बेसिक काढून समर्थचं परीक्षा मॉड्यूल बसवलं तरी बाहेरच्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून मला हे दोन पर्याय एकमेकांच्या विरोधात वाटतच नाहीत, क्रमाचा प्रश्न आहे. आधी करार, मग आतली यंत्रं बदला हवी तशी.

ओस्लोहून_अनघा

मी नॉर्वेत राहते, इथल्या उच्चशिक्षणाच्या आयटीशी कामाचा संबंध आहे म्हणून इकडचं थोडं सांगते, उपयोग होईल असं वाटतं.

इथे बहुतेक विद्यापीठं एकच सामायिक विद्यार्थी प्रणाली वापरतात, तिला एफएस म्हणतात, आणि ती चालवणारी सरकारी संस्था आहे सिक्त, २०२२ मध्ये तीन संस्था एकत्र करून केलेली. म्हणजे सह्याद्री म्हणतायत तसं एक सॉफ्टवेअर आहेच. तरीसुद्धा त्याच्याभोवती सर्व्हिसेस आहेत, कारण वेळापत्रक, परीक्षा, लायब्ररी, लॉगिन हे सगळं वेगळंच आहे.

पण मला सांगायचंय ते युरोपभरचं. नॉर्वेची मुलगी एक सत्र फिनलंडला किंवा पोलंडला शिकली तर तिचे गुण परत कसे आणायचे? त्यासाठी एमरेक्स आहे. त्यात मधे कुठलंही मोठं कोठार नाही. मुलगी स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावरून निघते, जिथे शिकली त्या देशाच्या संपर्कबिंदूवर जाते, तिथल्या लॉगिननं आत शिरते, कोणते कोर्स पाठवायचे ते स्वतः निवडते, आणि ते निकाल सही केलेल्या एक्सएमएलमध्ये तिच्या विद्यापीठात येतात, त्या फॉरमॅटचं नाव एल्मो. माहिती जिथे जन्मली तिथेच राहते आणि मुलीच्या संमतीनं हलते. मला हे फार आवडतं, यात विद्यार्थी अर्जदार नसते, मालकीण असते.

दुसरं म्हणजे इरॅस्मस विदाउट पेपर. विद्यापीठांमधले विनिमयाचे करार आणि मुलांचे लर्निंग अॅग्रीमेंट (तिकडे कोणते कोर्स करणार याचा करार) कागदाशिवाय व्हावेत म्हणून केलेलं जाळं. मधे फक्त एक रजिस्ट्री आहे, तिच्यात कोणत्या विद्यापीठाची कोणती एपीआय (दुसऱ्या सिस्टिमनं माहिती मागायची जागा) कुठल्या पत्त्यावर आहे आणि सही तपासायची त्यांची सार्वजनिक किल्ली काय एवढंच. कराराचा डेटा तिथे नाहीच. प्रत्येक विद्यापीठ आपली यादी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतं आणि रजिस्ट्री ती वाचून जाते. नवीन विद्यापीठ जोडलं जातं तेव्हा आधी इको नावाची एपीआय करतात, तिचं काम फक्त पाठवलेलं परत पाठवणं, म्हणजे ओळख आणि सही नीट चालतेय का ते कळतं, खरी माहिती नंतर.

आणि त्यातला सगळ्यात चांगला नियम, बदल झाला की फक्त ‘या नंबरच्या करारात बदल झालाय’ एवढं कळवायचं. बदल काय झालाय ते त्या संदेशात नसतं. समोरच्यानं येऊन ताजी माहिती मागून घ्यायची. संदेश दोनदा गेला, उशिरा गेला, उलट्या क्रमानं गेला तरी नुकसान नाही कारण शेवटी मागितल्यावर मिळतं ते ताजंच. कृष्णाकाठ, तुमच्या नाव दुरुस्तीला हे अगदी तस्सं बसेल.

कृष्णाकाठ

अनघाताई, फारच उपयोगी. हा शेवटचा नियम मी मसुद्यात जसाच्या तसा घेतोय. आपल्याकडे डिजिलॉकरचंही मूळ गणित असंच आहे हे लोकांना फारसं माहीत नसतं. आपल्याला वाटतं डिजिलॉकर कागदपत्रं साठवून ठेवतं. पण ज्यानं प्रमाणपत्र दिलं ती संस्था स्वतःकडे सर्व्हिस उभी करू शकते, डिजिलॉकरकडे फक्त यूआरआय असतो, संस्थेचा आयडी, कागदाचा प्रकार आणि कागदाचा नंबर, आणि विद्यार्थी उघडतो तेव्हा डिजिलॉकर येऊन तो कागद संस्थेकडून मागून नेतं. बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात मात्र गुणपत्रिकांच्या सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फायली भरून अपलोड केल्या जातात. त्याला मी नावं ठेवत नाही, सुरुवात करायला ते सोपं आहे. पण सीएसव्ही अपलोड झाली त्या क्षणी ती जुनी व्हायला लागते.

कॉलेजच्या_ऑफिसातून

मी ग्रामीण भागातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. तुम्ही सगळे विद्यापीठाच्या बाजूनं बोलताय म्हणून कॉलेजची बाजू.

एका मुलाची तीच माहिती आम्ही किती ठिकाणी भरतो ते सांगतो. आधी कॉलेजच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशासाठी, मग परीक्षा फॉर्म, मूल स्वतः महाडीबीटीवर भरतं आणि आम्ही तो अर्ज तपासतो, वर्षाच्या शेवटी एआयएसएचई या उच्चशिक्षणाच्या सर्वेक्षणाला प्रवर्गनिहाय, लिंगनिहाय आकडे, नॅकच्या वेळी पुन्हा वेगळ्या साच्यात. आमच्याकडे दोन लिपिक आहेत, एक रजेवर गेला की एक. मुलाचा प्रवर्ग एका ठिकाणी ‘व्हीजेएनटी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एनटी-सी’ पडला तर शिष्यवृत्ती अडकते आणि ती अडकली की मुलाची फी अडकते, मूल मग कॉलेज सोडायला निघतं. हे मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो की हा विषय संगणकाचा वाटला तरी तो पोरांच्या शिक्षणाचा आहे.

मागणी एकच आहे. विद्यापीठानं सर्व्हिस केली तर ती कॉलेजच्या सॉफ्टवेअरलाही वापरता यावी आणि ज्या कॉलेजाकडे सॉफ्टवेअर नाही त्याला त्याच सर्व्हिसवर चालणारं साधं पान मिळावं. आणि प्रवर्गाची, अभ्यासक्रमाची, विषयाची कोडं सगळीकडे एकच असावीत. आमच्याकडे नेट जातं, लाईट जाते, तेव्हा अर्धवट भरलेलं वाया जाऊ नये.

कृष्णाकाठ

साहेब, तुमची कोडांची मागणी मी वर घेतो, मसुद्यात ती खाली कुठेतरी होती. प्रवर्ग, कॉलेज, अभ्यासक्रम, विषय, बास्केट यांच्या याद्या हीसुद्धा एक सर्व्हिस असेल, एकच यादी, प्रत्येक नोंदीला लागू झाल्याची आणि बंद झाल्याची तारीख, कारण अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या मुलांचे बॅकलॉग जुन्या कोडावरच राहतात. आणि कॉलेजच्या सॉफ्टवेअरला थेट प्रवेश हे नक्की, प्रत्येक कॉलेजला स्वतःचं टोकन (ओळख पटवायची डिजिटल किल्ली) आणि त्याला फक्त स्वतःच्याच मुलांची माहिती.

लिपीप्रेमी

एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. मराठीतलं नाव. पदवी प्रमाणपत्रावर नाव देवनागरीतही असतं. तुमच्या फॉक्सप्रोच्या फायलींत आणि जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये ते युनिकोडमध्ये असण्याची शक्यता कमी, ते श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या फाँटमध्ये टाईप केलेलं असणार. त्या फाँटमध्ये डेटाबेसमधली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हंच असतात, फाँट लावला की देवनागरी दिसतं, फाँट काढला की काहीतरी भलतंच. अशी माहिती सर्व्हिसमधून तशीच बाहेर गेली तर समोरच्याला कचरा मिळेल. रूपांतर सर्व्हिसच्या आत करा, बाहेर फक्त युनिकोड. आणि रूपांतराचा प्रोग्राम चालवून झाला की माणसानं तपासा, रफार, जोडाक्षरं, ‘र्‍य’ आणि ‘श्र’ हमखास बिघडतात. ‘सूर्यवंशी’ आणि ‘कुर्‍हाडे’ ही दोन आडनावं आधी तपासून बघा, ती नीट आली तर बरंचसं नीट आलं. वेलांटीची जागाही, जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर येते.

टेबल_नंबर_चार

लिपीप्रेमी, अगदी खरं. आमच्याकडे पदवीच्या मराठी नावांची तपासणी अजून छापून, पेन्सिलीनं खुणा करून होते.

टीवायच्या_मुलीची_आई

मी तंत्रज्ञ नाही, पालक आहे. माझ्या मुलीचा परीक्षा फॉर्म भरताना पैसे खात्यातून गेले आणि पोर्टलवर ‘फी बाकी’ दिसत राहिलं. कॉलेज म्हणालं विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणालं बँकेला विचारा. शेवटच्या तारखेच्या भीतीनं आम्ही दुसऱ्यांदा भरले. एवढी हुशार माणसं बोलतायत म्हणून विचारते, हे टाळता येत नाही का?

जुना_इंटिग्रेटर

ताई, टाळता येतं, आणि ते अवघडही नाही, शिस्त लागते. तुम्ही पैसे भरता तेव्हा बँकेनं विद्यापीठाच्या सर्व्हरला कळवायचं असतं. पुष्कळ ठिकाणी ते कळवणं तुमच्या ब्राउझरमधून होतं, म्हणजे पैसे गेल्यावर पान परत विद्यापीठाकडे वळतं तेव्हाच, मधे नेट गेलं की विद्यापीठाला कळतच नाही. योग्य रीत अशी, फॉर्म भरतानाच विद्यापीठानं एक ऑर्डर नंबर तयार करायचा, बँकेनं सर्व्हर ते सर्व्हर कळवायचं, आणि कळलं नाही तरी विद्यापीठानं थोड्या थोड्या वेळानं स्वतःहून बँकेला विचारायचं की या ऑर्डरचं काय झालं. उत्तर येईपर्यंत पोर्टलवर ‘फी बाकी’ नाही, ‘बँकेकडून खात्री होतेय, पुन्हा भरू नका’ असं दिसलं पाहिजे. आणि बँकेनं तीच गोष्ट तीनदा कळवली तरी पावती एकच झाली पाहिजे. कृष्णाकाठ, हे करारात शब्दशः लिहा, ‘एकच विनंती अनेकदा आली तरी परिणाम एकदाच’. व्हेंडरकडून चाचणीत करून दाखवून घ्या.

कृष्णाकाठ

लिहिलं. शिवाय रोज रात्री बँकेची यादी आणि आमची यादी जुळवायची आणि फरक वित्त विभागाच्या टेबलावर सकाळी तयार हवा. पालकांनी फोन करायची वेळ येण्याआधी तो फरक आम्हाला दिसला पाहिजे.

सह्याद्रीचा_वारा

सुरक्षेचं काय? आज परीक्षेचा डेटाबेस एका बंद खोलीत आहे. सर्व्हिसेस उघडल्या की दारं वाढली. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे.

जुना_इंटिग्रेटर

रास्त शंका. पण आज तोच डेटा एक्सेलमध्ये ईमेलनं, पेन ड्राइव्हनं आणि व्हॉट्सअॅपवर फिरतोय, कोणी कधी कोणाला दिला याची नोंद कुठेच नाही. सर्व्हिसमध्ये निदान कोणी काय मागितलं त्याची ओळ राहते. गेटवेवर, म्हणजे सगळ्या विनंत्या जिथून आत येतात त्या दारावर, टोकन, विद्यापीठाच्या नेटवर्कच्या आतल्या सर्व्हिसेस बाहेरून दिसणारच नाहीत अशा, आणि प्रत्येक सर्व्हिसमधून कमीत कमी माहिती. लायब्ररीला मुलाचं नाव आणि प्रवेश चालू आहे की नाही एवढंच लागतं, त्याचा प्रवर्ग आणि उत्पन्न तिला कशाला? गुण लिहिण्याची सर्व्हिस मात्र बाहेर कोणालाच देऊ नका, बाहेरच्यांसाठी गुण फक्त वाचायचे.

निकालाच्या दिवसाचंही बघून ठेवा. सगळी मुलं एकाच तासात येतात. ती गर्दी मूळ परीक्षेच्या डेटाबेसवर जाऊ देऊ नका, जाहीर झालेल्या निकालाची फक्त वाचायची प्रत वेगळी ठेवा आणि निकालाची सर्व्हिस तिच्यावरून चालवा.

टेबल_नंबर_चार

माझी एक शेवटची अडचण आहे, ती सुटली तर आमच्या विभागातले लोक तुमच्या बाजूनं उभे राहतील. निकाल लागला, क्रेडिट बँकेत गेला, मुलानं पुनर्मूल्यांकन केलं, गुण वाढले, नापासचा पास झाला. आता क्रेडिट बँकेत जुना, डिजिलॉकरमध्ये जुना, महाडीबीटीच्या पुढच्या वर्षाच्या अर्जात जुना. आज आम्ही प्रत्येक ठिकाणी वेगळं पत्र देतो.

कृष्णाकाठ

ताई, हे असं करायचं म्हणतोय. निकालाची नोंद पुसून वर दुसरी लिहायची नाही. नवी आवृत्ती तयार होईल, तिच्यावर तारीख आणि कारण, ‘पुनर्मूल्यांकन’, ‘राखीव निकाल जाहीर’, ‘अंतर्गत गुण उशिरा आले’ असं काहीतरी ठरलेल्या यादीतलं. जुनी आवृत्ती तशीच राहील, फक्त ती चालू नाही अशी खूण. मग अनघाताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या संबंधितांना एक ओळ जाईल, या पीआरएनच्या या सत्राच्या निकालात बदल आहे. डिजिलॉकरला आम्ही सर्व्हिस दिली असेल तर कागदाचा नंबर तोच राहील आणि पुढच्या वेळी उघडल्यावर नवा निकाल येईल. जिथे अजून सीएसव्हीच चालते तिथे ही ओळ दुरुस्तीच्या रांगेत पडेल आणि त्या रांगेतून रोजची दुरुस्तीची फाईल आपोआप तयार होईल, कोणी लक्षात ठेवायची गरज नाही. बाहेरच्या पोर्टलवर आपला ताबा नाही, तिथे निदान मुलाला मोबाइलवर संदेश जाईल की तुमचा निकाल बदललाय, अर्ज तपासा.

टेबल_नंबर_चार

हे चालेल. त्यात अजून एक रकाना घाला. ऑर्डिनन्सप्रमाणे दिलेले ग्रेसचे गुण मूळ गुणात मिसळू नका. आमच्याकडे गुणपत्रिकेवर त्याची खूण असते, पण फाईल पाठवताना ती खूण गळते आणि बाहेर नुसता बेरीज केलेला आकडा जातो. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले की ग्रेसची गरज संपते, तेव्हा ग्रेस काढून नवे गुण धरायचे असतात. दोन्ही एकत्र असतील तर ते करता येत नाही, पुन्हा जुनी लेजर काढून बघावी लागते.

कृष्णाकाठ

बरोबर. मूळ गुण, ग्रेस आणि कोणत्या ऑर्डिनन्सखाली, असे तीन वेगळे रकाने करतो, आणि एकूण गुण सर्व्हिस दर वेळी यातूनच काढेल, साठवणार नाही. समितीची बैठक शुक्रवारी आहे. ओळख जुळवणी, कोडांच्या याद्या आणि पात्रतेची वाचायची सर्व्हिस एवढ्या तीनच गोष्टींना आधी मंजुरी मागतोय, मालकीच्या मसुद्यावर कुलसचिवांच्या सहीसकट. मसुदा उद्या इथे टाकतो, ताई तुम्ही आणि कॉलेजच्या ऑफिसातले साहेब, दोघांनी नजर टाकली तर फार बरं होईल.

कॉलेजच्या_ऑफिसातून

टाका. आमच्याकडच्या दोन्ही लिपिकांना वाचायला देतो, रोज भरतात तेच, त्यांना जास्त कळेल.